टाइमआउट झाला, म्हणजे नक्की काय झालं?

आयस्कझीचं 2004 सालचं मानक, आरएफसी 3720, वाचायला घेतलंत तर चुका सावरण्याच्या तीन पातळ्या दिसतील: 0, 1, 2. कागदावर रचना देखणी आहे. पण लिनक्सवरचा ओपन-आयस्कझी फक्त पातळी 0 चालवतो, म्हणजे बिघडलं की अख्खं सेशन मोडून पुन्हा लॉगिन. नुसतं मानक वाचून 'प्रणाली अशी सावरते' असं प्रबंधात लिहू नका. मी लिहिलं होतं, गाइडनी पान परत केलं.

माझी खरी तक्रार मुदतींबद्दल आहे. डिस्कच्या कमांडला 30 सेकंद, तुटलेलं सेशन परत येण्याची वाट 120 सेकंद. हे डिफॉल्ट आकडे वेगवेगळ्या थरांत बसलेत. मल्टिपाथ असेल तर दुसरी वाट मोकळी असूनही ते 120 सेकंद नडतात, म्हणून तिथे तो आकडा बराच खाली आणतात.

बरं, मुदत संपली म्हणजे लिहिणं झालंच नाही असंही नाही! डेटा पोचला असेल, फक्त उत्तर हरवलं असेल. म्हणून कमांड पुन्हा पाठवण्याआधी कर्नल जुनी अबॉर्ट करायला बघतो. नाही जमलं तर रीसेट, अगदी शेवटी डिस्क ऑफलाइन. प्रयोगात केबल काढाल तेव्हा यातली कुठली पायरी चालली ते लॉगमधून शोधा. आलेखात मला फक्त एक सपाट रेघ दिसली होती.