रेडिऑनिक्सच्या संस्था : यंत्र हरल्यावर काय उरते?

'रेडिऑनिक्स' हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नसेल. त्याची भावंडे मात्र पाहिली असतील. एखाद्या आरोग्य शिबिरात टेबलावर छोटा डबा असतो, त्याला जोडलेली धातूची दांडी तुमच्या मुठीत देतात, आणि थोड्याच वेळात लॅपटॉपवर यकृत, मूत्रपिंड, हाडे, मेंदू यांचा भलामोठा अहवाल तयार होतो. त्यात 'क्वांटम', 'रेझोनन्स', 'ऊर्जा' हे शब्द जागोजागी पेरलेले असतात. या डब्याचे पणजोबा कोण, ते या टिपणात पाहू. मात्र नुसत्या यंत्रांचा इतिहास सांगून भागणार नाही. यंत्रे चाचणीत नापास झाली, काहींवर खटले झाले, आणि तरीही ज्या संस्थांनी ती चालवली त्या किंवा त्यांच्या वारसदार संस्था टिकल्या. त्या कशा टिकल्या, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्बर्ट अब्राम्स यांच्यापासून करावी लागते. जन्म १८६३, मृत्यू १९२४. हा माणूस भोंदू म्हणून जन्माला आला नव्हता. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद, स्थानिक वैद्यकीय संघटनेचे अध्यक्षपद, असा सगळा रीतसर प्रवास. १९१६ च्या सुमारास त्यांनी निदानाची नवी पद्धत मांडली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब कागदावर वाळवायचा, तो एका यंत्रात ठेवायचा, यंत्राची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावायची. त्या माणसाने मंद उजेडात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे आणि डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा. कुठे आवाज बद्द येतो आणि यंत्राचे बटण किती ओहमवर आहे, यावरून रोग ठरायचा. प्रत्येक रोगाला ओहममध्ये स्वतःचा आकडा होता.

इथे जरा थांबा, कारण आपला विषय इथे येतो. रोध म्हणजे विभवांतर भागिले विद्युतधारा, हे तुम्ही शाळेत शिकलात. मग या मांडणीत विभवांतर कोण देत होते आणि धारा कोण मोजत होते? मोजणारे उपकरण म्हणजे एका माणसाचे पोट आणि दुसऱ्या माणसाचा कान. प्रयोगशाळेत आपण मल्टिमीटर हातात घेतला की आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून शून्य येते का ते बघतो. अब्राम्स यांच्या यंत्राचे शून्य कुठे होते? ज्या यंत्राला शून्य नाही, त्याला चूकही नसते. ते कधीही काहीतरी दाखवतेच.

उपचाराचे यंत्र वेगळे, त्याचे नाव ऑसिलोक्लास्ट. ते विकत मिळत नसे, भाड्याने मिळे: सुमारे २०० डॉलर सुरुवातीला आणि मग महिन्याला ५ डॉलर. भाडेकरू डॉक्टरने यंत्राचे सील फोडायचे नाही अशी अट होती. अब्राम्स प्रशिक्षणवर्ग घेत, स्वतःचे त्रैमासिक काढत. म्हणजे बघा, पद्धत खरी की खोटी हे ठरण्याआधीच अभ्यासक्रम, नियतकालिक आणि शाखाविस्तार तयार होता. विज्ञानात साधारणपणे आधी निष्कर्ष उभा राहतो आणि मग त्याच्याभोवती संस्था जमते. इथे क्रम उलटा होता, आणि पुढच्या सगळ्या कथेत तो उलटाच राहिला.

ऑक्टोबर १९२३ पासून 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाने जवळजवळ वर्षभर याची तपासणी केली. अब्राम्स यांच्या पद्धतीचा एक अनुभवी डॉक्टर चाचणीला तयार झाला. मासिकाने त्याचे नाव गुप्त ठेवले. त्याला सहा कुप्या दिल्या, प्रत्येकीत रोगजंतू. सहाही उत्तरे चुकली. त्याचे म्हणणे पडले की कुप्यांवरची लेबले लाल शाईची आहेत, त्या शाईची कंपने आड आली. लेबले बदलून दिली. उत्तरे पुन्हा चुकली. मासिकाने सप्टेंबर १९२४ मध्ये निकाल दिला तो पूर्ण प्रतिकूल होता. तोवर अब्राम्स हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत न्यूमोनियाने गेले. यंत्रे उघडून पाहिल्यावर आत रोधक, कंडेन्सर आणि तारा निघाल्या, पण त्या जोडणीतून कुठलेही काम साधत नव्हते.

निःपक्षपातीपणे वाचायचे तर याच काळातली विरुद्ध बाजूची एक घटना सांगायलाच हवी, कारण रेडिऑनिक्सचे समर्थक ती आजही सांगतात. ग्लासगोचे होमिओपॅथ डॉ. बॉइड यांनी 'इमॅनोमीटर' नावाचे स्वतःचे यंत्र बनवले होते. प्रख्यात ब्रिटिश डॉक्टर थॉमस होर्डर यांच्या समितीने ते तपासले, आणि बॉइड यांनी २५ पैकी २५ वेळा नमुने बरोबर ओळखले. दोनच पर्याय असतील तर हे निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता दोनच्या पंचविसाव्या घातात एक, म्हणजे सुमारे ३ कोटी ३५ लाखांत एक. १९२५ मध्ये समितीने मूळ परिणाम खरा असावा असे म्हटले. मात्र निदानात किंवा उपचारात या पद्धतीचा वापर तिने मान्य केला नाही. समर्थक पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात. पण आपण पहिल्या भागाकडेही नीट पाहू. ३ कोटींचे गणित फक्त एवढेच सांगते की हे नशिबाने झालेले नाही. नशीब नाही म्हणजे यंत्रच, असे होत नाही. वास, वजन, तापमान, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हालचाली, यांपैकी काहीही माहिती पुरवू शकते. खरे-खोटे करायला एकच मार्ग असतो: दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाने, पुन्हा करून पाहणे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्या निकालावर उभी राहिलेली कुठलीही मान्य निदानपद्धती झाली नाही.

आता अमेरिकेत परत. अब्राम्स यांच्या मागे 'इलेक्ट्रॉनिक मेडिकल फाउंडेशन' ही संस्था चालू राहिली आणि तिची सूत्रे फ्रेड हार्ट यांच्याकडे गेली. हार्ट डॉक्टर नव्हते. देशभरातले व्यावसायिक टपालाने रक्ताचे डाग पाठवत, फाउंडेशन निदान कळवी, आणि त्या निदानानुसार यंत्राने उपचार होत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीन डाग पाठवले. एक, उजवा पाय कापून टाकलेल्या माणसाचा. अहवालात उजव्या पावलाचा आणि घोट्याचा संधिवात आला. दुसरा मृत माणसाचा. त्याला आतड्याची सूज निघाली. तिसरा कोंबड्याचा, त्याला सायनसचा त्रास आणि खराब दात. (कोंबड्याला दात!) १९५४ मध्ये न्यायालयाने मनाईहुकूम काढला.

एखादी प्रयोगशाळा इथे बंद पडली असती. हार्ट यांनी १९५५ मध्ये 'नॅशनल हेल्थ फेडरेशन' स्थापन केली. या संघटनेने यंत्रे विकली नाहीत. तिने 'आरोग्याचे स्वातंत्र्य' मागितले. आपला उपचार निवडण्याचा हक्क नागरिकाचा आहे, सरकारने मध्ये येऊ नये, असा तिचा पवित्रा. ही चाल कशी आहे ते ओळखा. 'यंत्र चालते का?' या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते, म्हणून प्रश्नच बदलला. नव्या प्रश्नाला कोंबड्याच्या रक्ताने उत्तर देता येत नाही. त्या फेडरेशनला पुढे 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानक मंडळात निरीक्षक संघटनेचा दर्जाही मिळाला. हक्काची मागणी स्वतःत गैर नाही, हे मी मान्य करतो. पण निवडीचा हक्क तेव्हाच अर्थपूर्ण असतो, जेव्हा निवडणाऱ्याला खरी माहिती मिळते. आणि चुकीचा निदान-अहवाल हातात असलेला रुग्ण काय निवडणार?

याच काळातला दुसरा गृहस्थ आपल्या मुंबईचा. दिनशाह घडियाली, १८७३ मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी. अमेरिकेत स्थायिक होऊन त्यांनी १९२० मध्ये 'स्पेक्ट्रो-क्रोम' काढले: पेटीत प्रखर दिवा, पुढे रंगीत काचा, आणि प्रत्येक रोगाला ठरावीक रंग. मधुमेहालाही रंगच. रेडिऑनिक्सशी त्याचे नाते भाऊबंदकीचे म्हणा. यंत्र वेगळे, पण संस्थेचा साचा तोच. सभासदत्व, वर्ग, नियतकालिक. १९४७ मध्ये न्यू जर्सीतल्या संघीय न्यायालयात ते दोषी ठरले, २०,००० डॉलर दंड आणि पाच वर्षांची परिवीक्षा झाली. परिवीक्षा संपल्यावर १९५३ मध्ये नव्या नावाची संस्था निघाली, १९५८ मध्ये तिच्यावर मनाईहुकूम आला. १९६६ मध्ये ते वारले, आणि १९७५ मध्ये त्यांच्या नावाची सोसायटी ना-नफा संस्था म्हणून उभी राहिली. रंगांचा तक्ता मात्र कुठल्याही चाचणीने बदलला नाही. एका भौतिक सिद्धान्ताला इतके वर्ष एकही दुरुस्ती लागू नये, हेच मला पुराव्याइतके बोलके वाटते.

इंग्लंडमध्ये गोष्ट जरा सभ्य वळणाने गेली. तिथे १९४३ मध्ये 'रेडिऑनिक असोसिएशन' झाली. प्रशिक्षण, व्यावसायिकांची नोंदवही, आचारसंहिता, सगळे नीटनेटके. ऑक्सफर्डला जॉर्ज द ला वार यांची प्रयोगशाळा होती. त्यांच्या पेटीवर बटणे आणि एक रबरी पट्टी. बटण 'बरोबर' जागी आले की पट्टीवरून फिरणारे बोट चिकटल्यासारखे वाटते, असा दावा. १९६० मध्ये एका ग्राहक महिलेने त्यांच्यावर फसवणुकीचा दावा लावला आणि ती हरली. न्यायाधीशांच्या मते द ला वार यांचा स्वतःच्या पेटीवर प्रामाणिक विश्वास होता, त्यामुळे फसवणूक सिद्ध होत नव्हती. हा निकाल अनेकजण चुकीचा वाचतात. न्यायालयाने माणसाची नियत तपासली. पेटी चालते, असे त्यातून सिद्ध होत नाही. तसेच आचारसंहिता व्यावसायिकाला सभ्य ठेवते, पण मोजमाप होतच नसेल तर सभ्यपणे दिलेला आकडाही निराधारच.

तुम्हा अभियंत्यांसाठी सर्वांत गमतीची घटना पुढची. अमेरिकेत हिरोनिमस यांना १९४९ मध्ये अशाच पट्टीच्या यंत्राचे पेटंट मिळाले. (पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची नोंद, परिणामाचे प्रमाणपत्र नव्हे. मुलाखतीत हे विचारतात.) १९५६ मध्ये विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ते यंत्र बनवले आणि मग भागांच्या जागी कागदावर शाईने नुसता सर्किटचा आराखडा काढून लावला. तेही तितकेच 'चालले'! कॅम्पबेल यांनी यावरून आराखड्यातच काही शक्ती असल्याचे मानले. तुम्ही काय मानाल? माझ्या मते हा या क्षेत्रात झालेला सर्वांत चांगला प्रयोग आहे आणि तो समर्थकानेच केला. सर्किट काढून घेतले तरी परिणाम तोच राहतो, म्हणजे परिणाम सर्किटचा नाही. तो पट्टीवर फिरणाऱ्या बोटाचा आहे.

यानंतर विजेची भाषा हळूहळू मागे पडली. १९७२ मध्ये डेव्हिड टॅन्सली यांच्या पुस्तकाने रेडिऑनिक्समध्ये चक्रे आणि सूक्ष्म देह आणले, तेही थेट आपल्याकडून नव्हे, थिऑसॉफीच्या पाश्चात्त्य लेखनातून. तेव्हा 'हे तर आपलेच प्राचीन ज्ञान' असे कुणी म्हणाले तर ते कुठल्या वाटेने फिरून आले, हे जरूर विचारा. भारतातही एक स्वतंत्र प्रयत्न झाला. हरप्रसाद शास्त्रींचे चिरंजीव विनयतोष भट्टाचार्य हे बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेचे संचालक, गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे संपादक, बौद्ध तंत्रग्रंथांचे मोठे अभ्यासक. त्यांनी 'टेलिथेरपी' मांडली: रुग्णाच्या छायाचित्रासमोर रत्ने बसवलेली तबकडी विजेच्या मोटरवर फिरवायची, आणि रुग्ण दूर कुठेही असो, बरा होणार. रक्ताच्या थेंबाची जागा छायाचित्राने घेतली, एवढाच फरक. 'साधनमाला'सारख्या अवघड संस्कृत ग्रंथाचे संपादन करणारा माणूस पाठभेद किती काळजीने तपासत असेल! तीच काळजी रत्नांच्या तबकडीला लावली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो. एका विषयातली कीर्ती दुसऱ्या विषयात पुरावा म्हणून चालत नाही, पण वाचकाच्या मनात ती चालते. अब्राम्स यांच्या बाबतीतही तसेच झाले होते.

आपल्या देशात १९५४ चा 'औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' आहे; कर्करोग, मधुमेह अशा अनुसूचीतल्या रोगांवर उपचाराची जाहिरात तो रोखतो. पण तो जाहिरातीपुरता. डब्याच्या अहवालात 'रोग' ऐवजी 'असंतुलन' लिहिले की वाट मोकळी होते. हा शब्दबदल तुम्हाला आता ओळखीचा वाटायला हवा.

गृहपाठ म्हणून एक करा. महाविद्यालयात कुणी असे यंत्र घेऊन आले, किंवा अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी सुचवले, तर दहा सारखी अपारदर्शक पाकिटे घ्या. प्रत्येकासाठी नाणे उडवा. छापा आला तर मीठ, काटा आला तर तेवढ्याच वजनाची साखर. पाकिटे भरणाऱ्याने उत्तरांची यादी खिशात घालून दुसऱ्या इमारतीत जाऊन बसायचे, पाकिटे तिसऱ्याच मुलाने चालकाला नेऊन द्यायची. दहाही बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबाने १०२४ मध्ये एक. चालक आधी काय कबूल करतो ते लिहून त्याची सही घ्या, आणि लेबलाच्या शाईचा रंग त्यालाच निवडू द्या.