दहाच प्रती का?

मुद्राचित्राखाली पेन्सिलीनं लिहिलेलं ‘३/१०’ दिसलं की हल्ली माझं डोकं फिरतं. दहा प्रती काढायच्या, मग चांगल्या ठोकळ्यावर फुली मारून तो बाद करायचा आणि या कंजुषीलाच किंमत लावायची! मेक्सिकोच्या छापचित्रांची एवढी चलती आहे, पण तिथंही पोसादाची ती सांगाड्याची कात्रिना पिशव्यांवर आणि मुद्राचित्रकार लिओपोल्दो मेंदेस (१९०२–१९६९) मात्र संग्रहालयाच्या मंद उजेडात, काचेमागे.

रिव्हेरा आणि सिकेइरोसच्या भित्तिचित्रांवर पुष्कळ लिहून झालंय. तामायोचे रंगीत छाप देखणे आहेत, पण ती चित्रकारानं केलेली छपाई. ठशातच विचार करणारा माणूस मेंदेस.

त्याचं १९४२ चं ‘मृत्यूकडे रवानगी’ हे लिनोछाप पाहा. रात्र, मालगाडीचा डबा, दारापाशी कंदील धरलेला नाझी सैनिक आणि त्या उजेडात एकमेकांना बिलगलेली माणसं. लिनोत पांढरं लावता येत नाही, काळं खरवडून काढावं लागतं. मेंदेसनं तेवढाच काळोख काढला, जेवढ्यात चेहरे ओळखू यावेत. कंदील ज्याच्या हातात आहे त्याला माणसं मोजायची आहेत. आपल्याला ती दिसतात. एकाच उजेडाची ही दोन कामं काळ्या-पांढऱ्यात इतकी स्पष्ट करणारं दुसरं चित्र मला आठवत नाही.

हे एकट्याच्या खोलीत घडलं नाही. लुइस आरेनाल आणि पाब्लो ओ’हिगिन्स यांच्याबरोबर त्यानं १९३७ मध्ये ‘ताय्येर दे ग्राफिका पोपुलार’ ही लोकमुद्रणाची कार्यशाळा काढली. तिथं कच्ची चित्रं सगळ्यांपुढे मांडायची, सगळ्यांनी चिरफाड करायची, मग ठसा कोरायचा. कामगार संघटनांची भित्तिपत्रकं निघाली, स्वस्त कागदावर. खेड्यातल्या शिक्षकांचे खून पडत होते; १९३९ मध्ये त्यांवर मेंदेसनं सात शिळाछापांचा संच केला. पुढे एमिलियो फेर्नांदेसच्या ‘रिओ एस्कोंदिदो’ या चित्रपटासाठी त्यानं ठसे कोरले. मारिया फेलिक्सनं त्यात खेड्यातल्या शिक्षिकेचीच भूमिका केली. हातभर लिनोवरच्या रेघा पडदाभर झाल्या, तरी कुठं पातळ पडल्या नाहीत.

याला ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना मी विचारतो, गोयाच्या युद्धचित्रांपुढे तुम्ही माना तुकवता ना? ती छापून बाहेर आली १८६३ मध्ये, गोया जाऊन ३५ वर्षं झाल्यावर. मेंदेसचा डबा १९४३ मध्ये, हिटलरपासून पळून मेक्सिकोत आलेल्या निर्वासितांनी काढलेल्या ‘काळ्या पुस्तकात’ छापून आला. तेव्हा त्या गाड्या युरोपात धावत होत्या! कलेनं वेळेवर पोचणं हा दोष कधीपासून झाला?

२००६ मध्ये मेक्सिकोतल्याच वाहाकात शिक्षकांचा संप चिरडायचा प्रयत्न झाला, तेव्हा ‘आसारो’ या कलाकारांच्या गटातल्या तरुणांनी लाकडी ठसे कोरून छाप रस्त्यावरच्या भिंतींना चिकटवले. काही ओबडधोबड होते, मान्य. पण मेंदेसचा वारसा त्या खळ लावलेल्या कागदांकडे आहे, क्रमांक घातलेल्या पाकिटांकडे नाही. आणि कमी प्रतींनी दर्जा राखला जातो, हे मला सांगू नका. लिनो दहा छापांत झिजत नाही. अकराव्या छापाला तो तयारच असतो. हात आखडता घेतो तो छापणारा.