'सॉरी' : एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीने घरच्यासारखे वापरायला घेतलेल्या इंग्रजी शब्दांत 'सॉरी'चा क्रमांक बराच वरचा लागेल. लोकलमध्ये पायावर पाय पडला, सॉरी. फोन चुकीचा लागला, सॉरी. इंग्रज माणूस तर बोलणे नीट ऐकू आले नाही तरी हाच शब्द प्रश्नार्थक सुरात उच्चारतो आणि मयताच्या घरी सांत्वनालाही तोच वापरतो. इतकी कामे करणारा शब्द झिजावा यात नवल नाही. आम्हांला मात्र त्याच्या झिजण्यापेक्षा त्याच्या द्व्यर्थाचा विचार अधिक महत्त्वाचा वाटतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ 'दुखणारे, हुळहुळे' अशा अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे तो प्रथम वेदनेचा शब्द. क्षमायाचनेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीत 'वाईट वाटणे' आणि 'माफी मागणे' ही दोन निराळी क्रियापदे आहेत. वाईट एकट्यालाही वाटू शकते. माफी मागायला समोर कोणी तरी असावे लागते आणि ती नाकारण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात कोंबले आहे.

या सोयीचा फायदा राष्ट्रेही घेतात. एप्रिल २००१ मध्ये हैनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान व चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक दगावला. अमेरिकेच्या पत्रात दोन ठिकाणी 'व्हेरी सॉरी' आले. अमेरिकेच्या मते तो खेद होता. चीनने आपल्या जनतेला तो माफीच्या शब्दांत सांगितला. ११ दिवस अडकलेले २४ जण सुटले, पण चूक कोणाची हे ठरले नाही.

ऑस्ट्रेलियात या शब्दाची खरी कसोटी लागली. आदिवासींची मुले आईबापांपासून हिरावून सरकारी व चर्चच्या संस्थांत ठेवली जात. १९१० ते १९७० या काळात दहापैकी एक ते तीनपैकी एक मूल असे नेले गेले असावे, असा अंदाज मे १९९७ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालाने दिला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ च्या ठरावात 'खेद' व्यक्त केला. 'सॉरी' मात्र टाळले. पुढच्या वर्षी सुमारे अडीच लाख लोक सिडनीच्या पुलावरून चालले, तेव्हा विमानाने आकाशात तोच शब्द लिहिला होता. आदिवासींच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणजे मृतासाठीचे शोकविधी. तेथे शब्दाचे मूळ दुःख अजून ओले आहे.

अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला. त्या मजकुराची रचना अभ्यासण्याजोगी आहे. कायदे, धोरणे आणि मुलांना हिरावून नेणे, म्हणजे राज्यसत्तेची कृत्ये, यांसाठी तेथे औपचारिक क्षमायाचनेचे क्रियापद येते. यातना, कुटुंबांची फाटाफूट आणि मानखंडना यांसाठी तीनदा 'सॉरी' येते. जबाबदारी एका शब्दावर, वेदना दुसऱ्यावर. दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवल्याने पहिल्यातील कोरडेपणा जातो आणि दुसऱ्यातील पळवाट बुजते. हे त्या मजकुराचे यश आम्ही मोठे मानतो.

तरीही एक उणीव राहते. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई अशा तीन पायऱ्या आपण लहानपणीच शिकतो. रड यांच्या मजकुरात पहिल्या दोन आहेत. अहवालाने सुचवलेली भरपाई त्याबरोबर आली नाही. टास्मानिया राज्याने २००६ मध्येच तसा कायदा केला होता. केंद्र सरकारने मात्र आपल्या अखत्यारीतील प्रदेशांपुरती योजना २०२१ मध्ये, तब्बल १३ वर्षांनी, जाहीर केली. तोवर अनेक आया मरून गेल्या होत्या.

म्हणून हा शब्द मराठीतून हाकलावा, असे आम्ही म्हणणार नाही. धक्का लागल्यावर तो पुरेसा आहे. परंतु जेथे कोणाचे खरोखर नुकसान केले आहे, तेथे 'माझे चुकले' हे दोन शब्द मराठीत आहेत. त्यांत चूक कोणाची, हे पहिल्याच शब्दात येते. त्यानंतर 'आता काय करू?' हा प्रश्न विचारणे प्राप्त होते आणि त्याचे उत्तर ज्याचे नुकसान झाले त्याने द्यायचे असते.