दारुकेचें चालतें वन

शिरड शहापूर हें हिंगोली जिल्ह्यांतील गांव औंढा नागनाथाच्याच तालुक्यांतलें. औंढ्याचा परिसर म्हणजेच पुराणांतील दारुकावन, अशी तेथील परंपरा आहे. हा मान इतर स्थानेंही आपला म्हणून सांगतात. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो शिवपुराणांतील कथेचा. दारुका नांवाच्या राक्षसीस पार्वतीचा असा वर होता कीं, ती जेथें जाईल तेथें तिचें वन भूमीसुद्धां तिच्याबरोबर जावें. कथाकारानें हें अद्भुत म्हणून सांगितलें. आमच्या कायदेकारांनीं मात्र तें व्यवहारांत आणलें आहे.

१९८० च्या वन संरक्षण अधिनियमानें वनभूमि अन्य कामीं लावण्यापूर्वीं केंद्र सरकारची मान्यता आवश्यक केली. हा अंकुश निःसंशय उपकारक होय. परंतु मान्यतेबरोबर एक अट रूढ झाली: येथें वन गेलें तर त्याच्या मोबदल्यांत दुसरीकडे झाडें लावावींत. या पर्यायी वनीकरणाच्या निधीसाठीं २०१६ मध्यें स्वतंत्र कायदाही झाला. दारुकेबरोबर निदान तिची भूमि तरी जात असे. आमच्या वनाचे झरे, माती आणि श्वापदें मागें राहून नष्ट होतात. पुढें जातो तो केवळ रोपांचा आंकडा. २०१९ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ३३ कोटि वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला. संकल्प स्तुत्य खरा. पण रोपें मोजणें निराळें आणि वन राखणें निराळें.

संस्कृतांत दारु म्हणजे लाकूड. मग देशाला लाकूड नको काय, असें कोणी विचारील. अवश्य हवें, आणि म्हणूनच वन कायम हवें. सागाचें झाड तोडीस येण्यास साठ-ऐंशी वर्षें लागतात. लावणारा एक आणि तोडणारा त्याचा नातू. ज्या डोंगराचें पुढील दहा वर्षांचेंही भवितव्य निश्चित नाहीं, तेथें साग कोण वाढवील? सातपुड्यांतील मेळघाट पाहावा. तेथें सागाचीं रानें आहेत, १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि चिखलदऱ्यास लोक विश्रांतीसाठीं जातात. या तिन्ही गोष्टी एका पर्वतावर नांदूं शकतात. मात्र प्रत्येकीची जागा ठरलेली हवी. वाघाच्या गाभ्यांत कुऱ्हाड नको आणि पर्यटकांची गर्दीही नको. तेथील कोरकूंचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केले आहेत. त्यांना वगळून केलेलें रक्षण टिकणारही नाहीं.

१९८८ चें राष्ट्रीय वनधोरण आम्हांस या विषयावरील सर्वांत शहाणा लेख वाटतो. डोंगराळ प्रदेशाचा दोन-तृतीयांश भाग वृक्षांखालीं असावा आणि आर्थिक लाभ दुय्यम मानावा, असें तें सांगतें. त्याचा दोष एवढाच कीं तें धोरण आहे, कायदा नव्हे.

औंढ्याच्या डोंगरांवर जें कांहीं रान उरलें आहे, तें त्याच जागीं पुढील पिढ्यांस मिळावें, असें आम्ही म्हणतों. पार्वतीचा वर दारुकेस होता. तो आमच्या वनखात्यास मिळाल्याचें कोणत्याही पुराणांत नाहीं.