चूक सापडेल असे लिहिणारा प्राध्यापक

आजचा विषय आहे अभिजात भाषेच्या प्राध्यापकाची कारकीर्द. येताना एकाने मला विचारलं, "सर, भोकरदनला ग्रीकचं काय काम?" काम आहे. आपल्या पायाखालचे भोगवर्धन १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी खणले. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जुळणारी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली होती. हा व्यापार ज्या काळातला, त्याच काळातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर.

असे ग्रीक उल्लेख आपल्या इतिहासाच्या कामाला लावणाऱ्यांत एक ठळक नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे. ते ग्रीकचे नव्हेत, संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्याविषयी आपण दोनच तऱ्हांनी बोलतो. एक तऱ्हा पदांच्या यादीची : जन्म १८३७, मालवण; पुढे हेडमास्तर, डेक्कन कॉलेजात प्राध्यापक, १८९३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. दुसरी तऱ्हा अन्यायाची : एल्फिन्स्टनमध्ये हंगामी प्राध्यापकी त्यांनी केली आणि कायमची जागा मिळाली पीटर्सन यांना. दोन्ही खरे आहे. पण त्याच पीटर्सन यांच्यासारखेच भांडारकरही पुढे मुंबई इलाख्यात हस्तलिखितांच्या शोधाचे सरकारी काम करत होते, हे मात्र सांगायचे राहते. आणि त्यांनी लिहिलेले वाचायचे तर राहतेच राहते.

१८८४ सालचा त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ घ्या. टॉलेमी पैठणच्या राजाचे नाव 'सिरोपोलेमायोस' असे देतो. ऐकायला ग्रीकच वाटते ना? पण तो आपला श्रीपुळुमावी. उज्जैनचा 'तियास्तनेस' म्हणजे क्षत्रप चष्टन. टॉलेमी दुसऱ्या शतकातला. म्हणजे पुराणांच्या याद्यांत तरंगणाऱ्या राजांना एकदम काळाचा खुंटा मिळाला! भांडारकर एवढ्यावर थांबत नाहीत. नाशिकचे शिलालेख, नाणी, पुराणे, सगळ्यांच्या साक्षी समोरासमोर उभ्या करतात. परक्याने लिहिले म्हणून खरे नाही, आणि पुराणात आले म्हणून खोटेही नाही.

तगराच्या बाबतीत ते चुकले. ते धारूर असावे, असे त्यांनी सुचवले. पुढे फ्लीट यांनी तेर दाखवले, आणि आज तेच मान्य आहे. माझ्या मते या चुकीने त्यांचा मान कमी होत नाही. आधार उघड मांडलेले असले की पुढच्या माणसाला नेमकी कुठे वाट चुकली ते बघता येते.

माझी तक्रार वेगळी आहे. हा ग्रंथ इंग्रजीत. ज्या पैठणचा, ज्या तगराचा तो इतिहास, तिथल्या शेतकऱ्याच्या, मास्तराच्या हाती तो जाणार कसा? विद्वानांच्या सभेत पुरावा उघडा ठेवला, पण गावाच्या चावडीवर तो आला नाही. हे उणे मोठ्या माणसाचे आहे म्हणून झाकायचे कारण नाही.

आता माझ्याविषयी. मी तीस वर्षे प्लेटो शिकवला, तोही इंग्रजी भाषांतरावरून. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, 'न्याय' म्हणता तिथे मूळ शब्द कोणता?" मला 'डिकायोसुने' एवढा शब्द ठाऊक होता. तो फळ्यावर लिहिला आणि तिला गप्प केलं. त्या शब्दाची व्याप्ती मला उसन्या पुस्तकांतूनच कळलेली आहे, हे काही सांगितलं नाही. आज सांगतो.

इथे बरेच शिक्षक बसले आहेत. उसने ज्ञान शिकवण्यात लाज नाही, आपण सगळेच ते करतो. ते कुणाकडून आणले, एवढे मुलांना सांगत चला. म्हणजे आपले चुकले तर त्यांना दुरुस्त करता येईल.

आता प्रश्न विचारा.