शलाका कोणाच्या हाती? : संघाची मतपद्धती आणि लोकशाहीचे प्रयोग

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेने मतदान हे सर्व संघाला ज्ञात होते, असे त्यांनी दाखवून दिले. या देशाने ती लोकशाही पद्धती एकदा गमावली, दुसऱ्यांदाही तो ती गमावणार काय, असा प्रश्न त्यांनी लगेच पुढे विचारला. आपल्या व्याख्यानांतून व स्मरणिकांतून यातील पहिला भाग दरवर्षी उद्धृत होतो. दुसरा मात्र बहुधा गळतो. परिणामी ‘संघ म्हणजे संसद’ हे समीकरण अभिमानाचे वाक्य होऊन बसले आहे. विनयपिटक काय सांगते हे पाहून या समीकरणाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक ऐतिहासिक मुद्दा. काशीप्रसाद जयस्वाल यांच्या ‘हिंदू पॉलिटी’ (१९२४) या ग्रंथापासून विनयातील कार्यपद्धती ही मूळची गणराज्यांची, असे मानण्याचा प्रघात आहे. बाबासाहेबांनीही तथागतांनी ती तत्कालीन राजकीय सभांकडून घेतली असावी असे म्हटले. हे अनुमान संभवनीय आहे. परंतु गणांच्या संथागारात ठराव कसा मांडला जाई याचे तपशीलवार वर्णन आपल्यापाशी जवळजवळ नाही. जे आहे ते संघाचे आहे. शिवाय गणसभेत क्षत्रिय कुळे बसत, दास-कम्मकरांना तेथे स्थान नव्हते. संघात मात्र उपसंपदेच्या ज्येष्ठतेखेरीज दुसरा अग्रक्रम नव्हता. तेव्हा पद्धती उसनी घेतली असे मानले, तरी ती वापरणाऱ्यांचे वर्तुळ तथागतांनी बदलले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आता खुद्द पद्धतीकडे वळू. संघाचे नित्याचे कर्म बहुमताने होत नसे. ञत्ति मांडली जाई, कम्मवाचा एकदा किंवा तीनदा उच्चारली जाई, ज्यास मान्य असेल त्याने मौन राहावे व ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे, असा दंडक होता. आजारी भिक्खूचा छन्द, म्हणजे संमती, दुसऱ्यामार्फत आणला जाई. विवाद मिटेनासा झाला तर प्रथम उब्बाहिका, म्हणजे निवडक जाणत्यांची समिती नेमली जाई. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार थेरांकडे प्रश्न सोपवला गेला तो याच रीतीने. तेथेही निर्णय न झाला तरच येभुय्यसिका, म्हणजे बहुमत. क्षुल्लक विषयावर किंवा संघ फुटण्याचा संभव असताना घेतलेले मतदान विनय अवैध ठरवतो. बहुमत हा येथे शेवटचा उपाय आहे, हे ‘संसद’ शब्दाने झाकले जाते.

शलाका वाटणाऱ्या सलाकगाहापकाचे पाच गुण चुल्लवग्गात सांगितले आहेत. छन्द, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी तो जाणारा नसावा, आणि कोणी शलाका घेतली व कोणी नाही हे त्यास कळावे. शलाका घेण्याचे प्रकार तीन : गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून, आणि विवटक म्हणजे उघड. गुप्त प्रकारात निरनिराळ्या रंगांच्या शलाका दाखवून घेतलेली शलाका कोणास दाखवू नये, असे सांगितले जाई. इथवर आमचे लेखक येतात आणि थांबतात.

विनय मात्र थांबत नाही. अधर्मवादी अधिक आहेत असे सलाकगाहापकास आढळले, तर त्याने ते मतदान ‘दुग्गहो’, म्हणजे नीट न झालेले, ठरवून मागे घ्यावे. धर्मवादी अधिक असतील तर ‘सुग्गहो’ म्हणून जाहीर करावे. आजच्या दृष्टीने ही मतमोजणी करणाऱ्याच्या हाती दिलेली नकाराधिकाराची सत्ता आहे. ही तरतूद लपवून संघाच्या लोकशाहीचा गौरव करणे हे प्रामाणिक अभ्यासाचे लक्षण नव्हे. तसेच भिक्खुणीच्या उपसंपदेला उभय संघांची मान्यता लागे, भिक्खूच्या उपसंपदेला लागत नसे, हेही झाकता येणार नाही.

या ठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाचा पहिला भाग नव्याने वाचावा. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव सेनापती शाक्य संघात मांडतो. दोन्ही पक्षांचे दोन-दोन प्रतिनिधी व त्यांनी निवडलेला पाचवा, अशा मंडळाकडे तंटा सोपवावा, ही सिद्धार्थाची दुरुस्ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. उब्बाहिकेशी या सूचनेचे नाते उघड आहे. येथे धर्मवादी एकटा आहे, आणि ‘दुग्गहो’ म्हणणारा कोणी नाही. सिद्धार्थ मतदान नाकारत नाही, मत बदलत नाही, परिव्रज्या स्वीकारतो. आमच्या मते हा प्रसंग लिहिताना बाबासाहेबांनी बहुमताच्या राज्यातील मूळ प्रश्नच मांडला आहे : बहुसंख्य चुकले तर एकट्याने कोठे जावे?

विनयाने त्याचे उत्तर एका सदाचारी व्यक्तीच्या विवेकात शोधले. लहान, परस्परांस ओळखणाऱ्या, समान शीलाने बांधलेल्या समुदायात ते कदाचित चालले असेल. कोट्यवधींच्या, जातींनी विभागलेल्या देशात ते चालणार नाही. म्हणून संविधानाने ते काम मूलभूत हक्कांना व न्यायालयांना दिले. ज्या अनुच्छेदाने नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, त्यास बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचे हृदय व आत्मा म्हटले. सलाकगाहापकाचे पाच गुण अनुच्छेद ३२४ खालील निवडणूक आयोगाकडून आपण आजही अपेक्षितो. त्याची ‘दुग्गहो’ ही सत्ता मात्र त्याला दिलेली नाही. वारसा असा पारखून घ्यावा लागतो.

विनयाचे खरे मोल आम्हास नियमांत नव्हे, नियम बदलण्याच्या रीतीत दिसते. प्रत्येक नियमामागे घडलेला प्रसंग आहे आणि अडचण येताच त्यात फेरफार आहे. उपसंपदा प्रथम तथागत स्वतः देत. दूरवरून येणारे उमेदवार थकतात म्हणून तो अधिकार भिक्खूंना दिला गेला. पुढे तीन शरणगमनांची ती पद्धतही रद्द होऊन ञत्तिचतुत्थकम्म आले, म्हणजे अधिकार व्यक्तीकडून संघाकडे गेला. त्यास दहा भिक्खू हवेत असे ठरले. परंतु अवन्तीत सोण कुटिकण्णासाठी दहा जण जमवण्यास महाकच्चानांना तीन वर्षे लागली, तेव्हा सीमावर्ती जनपदांत विनयधरासह पाच पुरेत अशी सूट दिली गेली. क्षुद्रानुक्षुद्र नियम संघाने हवे तर सोडावेत, असेही तथागतांनी अखेरीस सांगितले. ते नियम कोणते यावर राजगृहाच्या संगीतीत एकमत झाले नाही, म्हणून सर्वच तसेच ठेवले गेले. प्रयोग तेथे थांबला, असे आम्ही मानतो.

आपल्या काळातही प्रयोग झाले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले, अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात व स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याविषयी बाबासाहेबांनी उच्चारलेले कठोर शब्द ज्यांना आठवतात, त्यांनी या प्रयोगाची कसोटी एकच ठेवावी : तेथील मौनाचा अर्थ काय? समानांच्या संघात मौन ही संमती होती. ज्याच्या शेतावर मजुरी करायची त्याच्यासमोर ग्रामसभेत बसलेल्या स्त्रीचे मौन ही संमती नव्हे. तेथे गूळ्हक, म्हणजे गुप्त मतदान, हेच धम्माला धरून आहे.

आणि ही कसोटी स्वतःसही लावावी. आपल्या विहारांच्या समित्यांत वर्षानुवर्षे निवडणूक न घेता ‘सर्वानुमते’ तीच नावे लिहिली जातात. विरोध करणाऱ्यास फूटपाड्या म्हटले जाते. ञत्ति मांडायची नाही, तीनदा विचारायचे नाही, आणि मौनास संमती म्हणायचे, हे विनयातही बसत नाही व संविधानातही नाही. ज्या वारशाचा आपण व्यासपीठावरून गौरव करतो, त्याचा पहिला प्रयोग आपल्याच विहारात, येत्या वार्षिक सभेत, करावयास काय हरकत आहे?