भुताचा केसपेपर

हॅलोविनच्या रात्री दिवे मालवून भयलघुपट ओळीने लावायचे, ही आता सहज होणारी गोष्ट आहे. त्यातले बरेचसे यूट्यूबवर फुकट मिळतात. पण पाच-सहा सलग पाहिले की घोळ होतो. तिसऱ्यापासूनच प्रेक्षक गोष्ट सोडून पडद्यावरची रिकामी जागा न्याहाळू लागतो. बाईच्या पाठीमागचं दार अर्धवट उघडं ठेवलंय ना, मग येणार ते तिथूनच! आवाज एकाएकी बंद झाला की हात आपोआप कानांवर जातात. मोबाइलवर एकेकटा पाहताना दचकवणारा लघुपट रांगेत बसवला की त्याची युक्ती उघडी पडते.

ही युक्ती फार नेटकेपणाने वापरली ती डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने, ‘लाइट्स आउट’मध्ये (२०१३). लांबी तीन मिनिटांच्या आत, चित्रीकरण स्वतःच्याच घरात आणि भूमिकेत पत्नी लोटा लोस्टेन. बाई दिवा मालवते, तर समोर कुणीतरी उभं. लावते, तर कुणी नाही. पुन्हा तेच. ती आकृती एकदम जवळ येते, तेव्हा बाई बटण चालूच राहावं म्हणून त्यावर चिकटपट्टी लावते. माझ्या मते खरी भीती त्या चिकटपट्टीत आहे. गर्भगळीत झालेला माणूस असलाच काहीतरी घरगुती उपाय करणार. शेवटचा विद्रूप चेहरा त्यापुढे स्वस्त वाटतो, पण गाजला तो चेहराच. २०१६ साली सँडबर्गनेच त्याचा मोठा चित्रपट केला. त्यात आकृतीला डायना हे नाव मिळालं, मनोरुग्णालयातला पूर्वेतिहास मिळाला, उजेड न सोसणारा त्वचारोगही मिळाला. भुताचा केसपेपर निघाला आणि धाक संपला.

लघुपटावरून मोठा चित्रपट काढायची ही वाट रुळलेलीच आहे. ‘सॉ’, ‘मामा’ आणि अलीकडचा ‘स्माइल’ या तिन्हींची सुरुवात लघुपटातूनच झाली. निर्मात्याला दाखवायचा नमुना म्हणून लघुपट काढायचं ठरलं, की त्यात एक ठसठशीत भूत आणि एक दचका आलाच.

याला छेद देणारे लघुपट आहेत. ऑस्ट्रेलियातला ‘कार्गो’ (२०१३) जेमतेम सात मिनिटांचा. झोंबी चावलेला बाप तान्ह्या मुलीला पाठीवर बांधतो आणि स्वतःच्या डोळ्यांपुढे काठीला मांसाची पिशवी टांगतो. आपण माणूस उरलो नाही तरी त्या वासाने पाय पुढे चालत राहावेत, हा हिशेब. भीती आणि माया एकाच काठीला लटकवणं हे दिग्दर्शनाचं काम आहे, मेकअपवाल्याचं नव्हे. तिथलाच ‘कर्व्ह’ (२०१६) तर भुताशिवायच भागवतो. खाली काळोखी दरी, काँक्रीटचा गुळगुळीत उतार आणि त्यावर तळहातांच्या घर्षणावर तगून राहिलेली एक बाई. ती तिथे आली कशी, हे कुणी सांगत नाही. लघुपटाला खुलासा करायचं बंधन नसतं. या सवलतीचा इतका पुरेपूर फायदा घेणारे थोडेच.

आपल्याकडे सुजॉय घोष यांच्या बंगाली ‘अहल्या’ने (२०१५) चौदा मिनिटांत पुराणकथाच फिरवून टाकली. तिथे अहल्या दगड होते, इथे बाहुली होण्याची पाळी आगंतुक पुरुषावर येते. सौमित्र चॅटर्जींचा मिठ्ठास यजमान आणि राधिका आपटेचं मोकळं हसू यांच्या मधोमध फळीवरच्या बाहुल्या. एक बाहुली पडते तिथेच चाणाक्ष प्रेक्षकाला शेवट कळतो, तरी तो उठून जात नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर पोसलेल्या मराठीत लघुपटवाल्यांना भुताची चणचण पडू नये. तरीही अनेकांना अजून पांढरी साडी आणि मोकळे केसच लागतात.